रोझलीन क्विगची चार पानं

ड्रमाहान गावातल्या जुन्या बायकांना शर्टाची कॉलर दाखवली, की ती कुणाच्या हातची हे त्या सांगायच्या. टोकाशी टाका वळवताना प्रत्येकीचा हात जरा वेगळा पडतो. रोझलीन क्विगच्या कॉलरीचं टोक असं निघायचं की त्यानं पाकीट फाडता यावं, असं तिची मैत्रीण सॅडी बॉगल म्हणायची. रोझलीन पंधराव्या वर्षी ब्रेडिनच्या शर्ट कारखान्यात लागली आणि कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची होती. मधली एकतीस वर्षं ती सॅडीच्या शेजारच्या मशीनवर बसली. ते दिवस असे होते की गावातल्या पुरुषांना काम नव्हतं आणि बायकांना उसंत नव्हती. सकाळी भोंगा झाला की कारखान्याकडचा सगळा उतार बायकांनी भरून जायचा. दोन पंथांच्या भांडणाचे दिवस, कोपऱ्यावर सैनिक उभे असायचे, त्यांना पर्स उघडून दाखवायची, आत जायचं, मशीन चालू करायची आणि गाणं सुरू करायचं. दीडशे बायका एका सुरात गायच्या. रोझलीनचा आवाज वरचा होता. खालच्या रस्त्यावर माणसं थांबून ऐकायची, असं म्हणतात.

कारखान्याचा मॅनेजर होता डेस्मंड मॅकलर्नन. उंच, नीटनेटका, चर्चच्या गायनवृंदाचा प्रमुख. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला दाराशी तो. फीस म्हणतात त्या आयरिश गाण्याच्या स्पर्धेसाठी तो मुलांना फुकट शिकवायचा. गावात त्याच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस सापडलं नसतं.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या सप्टेंबरात त्यानं रोझलीनला तिसऱ्या मजल्यावरच्या कापडाच्या खोलीत बोलावलं. कॉलरींचा एक गठ्ठा बिघडलाय, बघायला ये, असा निरोप होता. ती एकोणीस वर्षांची होती. तिथे बिघडलेला गठ्ठा वगैरे काही नव्हता. त्यानं आतून कडी घातली. खाली दीडशे मशीन चालू होत्या, तिचा आवाज कुणाला जाणार? पाऊण तासानं ती जिना उतरून खाली आली, आपल्या जागेवर बसली आणि भोंगा होईपर्यंत तिनं कॉलरी शिवल्या. त्या दिवशी ती गायली नाही.

घरी आईला तिनं अर्धंच वाक्य सांगितलं असेल. आईनं हातातला कपडा बादलीत तसाच दाबून धरला आणि म्हणाली, "पुढचं बोलू नकोस. माझ्यापाशीही नाही आणि कुणापाशीच नाही. तुझ्या पगारावर सात तोंडं आहेत."

सॅडीनं विचारलं नाही आणि रोझलीननं सांगितलं नाही. पण त्या दिवसानंतर रोझलीनला वरच्या मजल्यावर जायचं झालं की सॅडीला हमखास तिथेच काहीतरी काम निघायचं. कधी दोरा संपायचा, कधी सुई मोडायची. सत्तावीस वर्षं सॅडी तिच्या मागून तो जिना चढत राहिली. हे दोघींना कळत होतं आणि दोघीही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हत्या.

रोझलीननं पुढे ह्युई क्विगशी लग्न केलं. तो बस चालवायचा. बोलायचा कमी, हसायचा डोळ्यांनी. त्यांना दोन मुली झाल्या, एक ग्लासगोला गेली, एक बेलफास्टला. कारखाना बंद पडल्यावर रोझलीन शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तिथूनच निवृत्त झाली. आता आयुष्य असंच सरळ संपणार असं वाटत असताना चर्चच्या सभागृहाला एक नवी खोली बांधली गेली. दोन हजार एकोणीसच्या जूनची गोष्ट. गायनवृंदाच्या तालमीसाठी खोली, आणि दारावर पितळी पाटी, मॅकलर्नन कक्ष. म्हातारा मॅकलर्नन स्वतः फीत कापायला आला होता. कारखान्यातल्या जुन्या बायकांनी एक गाणं म्हणावं अशी कुणाला तरी कल्पना सुचली. रोझलीन पहिल्या रांगेत उभी होती. गाणं संपल्यावर तो रांगेतून एकेकीचा हात हातात घेत आला. तिच्यापाशी आला तेव्हा म्हणाला, "रोझलीन, आवाज अजून तसाच आहे हो तुझा."

ती बाहेर गेली आणि गाड्यांच्या मागे जाऊन ओकली.

घरी जाताना ह्युईनं विचारलं, "अंडी घातलेली सँडविचं खाल्लीस का गं?"

"गाडी थांबव."

"अजून ओकायचंय का?"

"थांबव म्हणते ना. सांगायचंय."

त्यानं गाडी कुंपणाला लावली आणि तिनं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं ते सगळं सांगितलं.  ह्युई समोरच्या काचेतून बघत म्हणाला, "मघाशी मी त्याच्यासाठी दार धरून उभा होतो. आधी तुम्ही जा, म्हणालो त्याला." मग आपला उजवा हात असा पाहिला, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा आहे.

त्याच आठवड्यात दोघं पोलिसांकडे गेले. जबाब लिहायला दोन दिवस लागले. नंतर कळलं की स्ट्रबेनकडची आणखी एक बाई पुढे आली आहे. ती दुसऱ्या पाळीत बटणपट्ट्या शिवायची, रोझलीनला ती आठवतही नव्हती. मॅकलर्ननला चौकशीला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा त्यानं एवढंच सांगितलं, "मला काही बोलायचं नाही." कागद तयार होत होते, सरकारी वकिलांकडे जायचे होते, आणि दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत तो मेला. वय सत्त्याऐंशी. झोपेत गेला. साथीचे दिवस, चर्चमध्ये मोजकीच माणसं सोडत होते. तरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक टोप्या काढून उभे राहिले. तपास करणारी पोलीसबाई स्वतः घरी आली, दारात उभी राहून म्हणाली, "मिसेस क्विग, मेलेल्या माणसावर खटला उभा राहत नाही. मला फार वाईट वाटतं." रोझलीननं तिला चहा विचारला. तो पिऊन ती गेली.

यानंतर दोन वर्षांनी फर्गल टोनर आला. हा गावच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला, घाबरट पण मनाचा चांगला माणूस. शर्ट कारखान्यातल्या बायकांच्या आठवणी गोळा करून पुस्तक काढायचं त्याच्या मनात होतं. सॅडीनं त्याला वीस पानं तोंडी सांगितली, त्यातली निम्मी छापण्याजोगी नव्हती. रोझलीननं मात्र स्वतः लिहून द्यायचं कबूल केलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिनं चार पानं लिहिली. पहिल्या दोन पानांवर गाणी, भोंगा, हिवाळ्यात मशीनच्या लोखंडाला चिकटणारी बोटं. तिसऱ्यावर तिसरा मजला. नाव, आडनाव, तारीख. चौथ्यावर आई, सॅडी आणि जिना.

फर्गलनं ती पानं तिच्यासमोरच वाचली. तिसऱ्या पानावर त्याचा चष्मा घसरला, तो त्यानं वर केला नाही.

"मिसेस क्विग," तो म्हणाला, "मी त्यांच्याकडे आठ वर्षं गाणं शिकलो."

"मला माहितेय. गावातली अर्धी पोरं शिकलीत."

"हे छापायला हवं," फर्गल म्हणाला.  "फक्त एकदा वकिलांना दाखवतो."

आठ दिवसांनी तो परत आला तेव्हा सॅडी स्वयंपाकघरातच बसली होती. फर्गलनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि वकीलबाईंनी सांगितलेलं सांगू लागला. या सप्टेंबरपासून नवा कायदा लागू झाला आहे. लैंगिक गुन्ह्याबद्दल एखाद्यावर पोलिसांकडे तक्रार झाली पण आरोप ठेवला गेला नाही, तर त्या माणसाचं नाव जाहीर करायचं नाही.

"तो मेलाय," रोझलीन म्हणाली.

"मेल्यानंतरही. पंचवीस वर्षं."

"आणि केलं तर?"

"गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत तुरुंग. छापणाऱ्याला, मला... तुम्हालाही."

सॅडीनं कप खाली ठेवला. "फर्गल, बाळा, तू मागे एकदा सांगितलं होतंस ना, मेलेल्याची बदनामी होत नसते? माझा भाऊ वर्तमानपत्रावर दावा लावायला निघाला होता आजोबांसाठी, तेव्हा तूच म्हणालास, मेलेल्यांना अब्रूचा दावा लावता येत नाही."

"ते खरंच आहे. तो कायदा वेगळा, हा वेगळा."

"मग हा कुठला वरच्या दर्जाचा मेलेला?"

"सॅडी," रोझलीन म्हणाली.

"नाही, विचारते मी. पंचवीस वर्षं म्हणजे कधी? रोझ, तू एक्क्याण्णवची होशील तेव्हा! मी त्र्याण्णवची. दात नाहीत, कान नाहीत, फर्गल मेलेला, आणि आपण दोघी काठ्या टेकत छापखान्यात जायचं आणि म्हणायचं, भाऊ, आता नाव घालता का हो? हे बघ, तुझ्या तोंडाला कुलूप लावलंय आणि किल्ली दिलीये त्याच्या थडग्यात ठेवायला."

फर्गल लाल झाला होता. "तुमचं स्वतःचं नाव तुम्ही सांगू शकता, मिसेस क्विग. त्याला कायद्याची हरकत नाही. फक्त त्यांचं नाही. वकीलबाईंनी सुचवलंय की 'कारखान्यातला एक वरिष्ठ माणूस' असं लिहावं. आणि तारीख, मजला वगैरे काढून टाकावं."

 रोझलीननं बोटांवर मोजलं. "ब्रेडिनच्या कारखान्यात तेव्हा वरिष्ठ म्हणावेत असे सहा पुरुष होते. त्यातला बार्नी डडी माझ्या बाप्तिस्म्याला हजर होता. त्याची बायको अजून जिवंत आहे. 'एक वरिष्ठ माणूस' लिहिलं की गाव सहा जणांना तोलत बसेल. चार पानं परत दे मला."

पानं परत आली, ड्रॉवरमध्ये गेली. पुस्तकाच्या मंडळात पाच माणसं होती. त्यातल्या कुणी तरी घरी बोललं असणार की रोझलीन क्विगच्या आठवणी वकिलांनी काढायला लावल्या, त्यात काहीतरी भयंकर होतं. लहान गावात अर्धवट कळलेली गोष्ट पूर्ण कळलेल्या गोष्टीपेक्षा जोरात पळते. नाताळपर्यंत लोकांनी माणूस शोधून काढला होता, आणि तो चुकीचा होता.

विली पर्व्हिस हा कारखान्यात मशीन दुरुस्त करायचा. आता चौऱ्याऐंशी वर्षांचा, विधुर. तो दुसऱ्या पंथाच्या चर्चचा, नदीपलीकडे राहणारा. कामाच्या निमित्तानं तो सगळ्या मजल्यांवर फिरायचा, बायकांच्या मशीनखाली वाकून पट्टे बसवायचा. लोकांना एवढं पुरे झालं. आमच्यातला असा नसेल, तो त्यांच्यातला असणार, हेही त्यात होतं, फक्त तोंडानं कुणी बोललं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी दार वाजलं. विली उभा होता, कोटाची सगळी बटणं लावून, जसं काही चर्चलाच निघाला आहे.

"आत या ना विली. गार पडलंय."

"नको. इथेच विचारतो आणि जातो." त्यानं टोपी दोन्ही हातांत धरली होती. "मिसेस क्विग, बोल्स खेळायच्या क्लबात माझ्याशेजारी कुणी बसत नाही आता. दुकानातली मुलगी सुटे पैसे हातात देत नाही, काउंटरवर ठेवते. कोणी काही बोलत नाही, म्हणून मी काही उत्तरही देऊ शकत नाही. मला एवढंच विचारायचंय. मी तुमच्याशी कधी... नकळत, एखादा शब्द, काही..." 

 मॅकलर्ननच्या नावावर पांघरूण होतं, आणि ते कुणाच्या अंगावरून ओढून घेतलेलं आहे, हे रोझलीनला त्या दारात दिसलं.

"तुम्ही माझी मशीन दुरुस्त केलीत, विली. एकदा माझं बोट सुईखाली गेलं होतं तेव्हा तुम्ही आपला रुमाल बांधलात. याच्यापलीकडे काही नाही. देवाशपथ नाही."

विलीनं मान हलवली. "मग कोण, ते मी विचारत नाही. पण तुम्ही सांगितलंत तर माझी सुटका होईल."

"मला सांगायची बंदी आहे."

"कुणाची?"

"कायद्याची."

 त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं, असं तिला वाटलं. "अजब आहे," तो म्हणाला आणि बर्फावरून जपून पावलं टाकत गेला.

त्याच गुरुवारी संध्याकाळी रोझलीन सॅडीला घेऊन नदीपलीकडे गेली. बोल्सचा क्लब भरायचा त्या दुसऱ्या चर्चच्या सभागृहात तिनं जन्मात कधी पाऊल टाकलं नव्हतं. विलीच्या घरी जाऊन त्याला म्हणाली, कोट घाला. मग त्याच्या हातात हात घालून त्याला बोल्सच्या क्लबात घेऊन गेली. लांबलचक हिरव्या गालिच्यावर गोळे घरंगळवायचा तो खेळ चालू होता. सगळे गोळे थांबले.

"बसायला कुठे जागा आहे का," सॅडीनं खणखणीत आवाजात विचारलं, "का तुमच्याकडे बायकांना उभ्यानंच चहा देतात?"

कुणी तरी खुर्च्या आणल्या. रोझलीन विलीच्या शेजारी बसली, दोन तास बसली, आणि निघताना सगळ्यांसमोर त्याच्या गालाचा मुका घेतला. विली नव्हे असं म्हटलं असतं तर लोक पुढचा माणूस शोधत बसले असते, म्हणून एकही नाव न उच्चारता तिला जेवढं सांगता येत होतं तेवढं तिनं सांगितलं. पुढचे तीन गुरुवार ती गेली. काही लोक विरघळले. काहींनी ठरवलं की बाईनं त्याला माफ केलंय, म्हणजे केलं त्यानंच असणार.

मार्चमध्ये विलीची मुलगी कोलरेनहून आली आणि त्याला घेऊन गेली. घरावर विक्रीची पाटी लागली. चौऱ्याऐंशी वर्षं ज्या गल्लीत काढली तिथून तो एका पेटीनिशी गेला. ही बातमी कळली तेव्हा रोझलीननं ड्रॉवरमधली चार पानं काढली, ह्युईच्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "मी हे चर्चच्या दारावर चिकटवते. नेऊ देत तुरुंगात."

ह्युईनं पानं उचलली नाहीत. "चिकटव," तो म्हणाला. "मी डिंक आणतो. पण फर्गलचं काय? लोक म्हणतील पुस्तकवाल्यांनीच दिलं. त्याला धरतील. त्याचं काळीज चिमणीएवढं आहे, रोझ."

ती बसली. त्या वसंतात ती पहिल्यांदा ह्युईसमोर रडली. गाडीत सगळं सांगतानाही रडली नव्हती.

बेलफास्टमध्ये वर्तमानपत्रांनी या कायद्याविरुद्ध दावा लावलाय, हे फर्गल अधूनमधून सांगायचा. रोझलीननं त्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. वर्तमानपत्रं स्वतःसाठी भांडतात, माझ्यासाठी कशाला, असं ती म्हणे. मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी ह्युई बटाटे सोलत होता, रेडिओ चालू होता. त्यानं सुरी तशीच हातात धरून अंगणात धाव घेतली. रोझलीन चादरी वाळत घालत होती.

"पडला!"

"कोण पडलं? अरे सुरी खाली ठेव आधी!"

"कायदा पडला. न्यायाधीशांनी सांगितलं, विधानसभेला असा कायदा करायचा अधिकारच नव्हता. माणसाच्या बोलण्याच्या हक्काच्या आड येतो म्हणाले. तो कायदा कायदाच नाही."

"म्हणजे आता नाही का आधीपासूनच नाही?"

ह्युईला ते नीट सांगता येईना. संध्याकाळी फर्गलनं वकीलबाईंना विचारून सांगितलं, तो कायदा मुळातूनच कायदा नव्हता. रोझलीन हसली, पण ते हसणं ऐकून फर्गलनं खाली मान घातली. "मुळातूनच नव्हता," ती म्हणाली. "मग विली पर्व्हिसला कशानं हाकललं?"

फर्गल म्हणाला, "पुस्तक सप्टेंबरात छापायला जाईल. तुमची पानं तशीच्या तशी घेतो. संपादक म्हणून माझं नाव खाली असेल." त्याचा चष्मा पुन्हा घसरला होता, या वेळी त्यानं तो वर केला.

पण पानं देण्याआधी रोझलीनला एक काम करायचं होतं. मॅकलर्ननची मुलगी युना हिचं मुख्य रस्त्यावर औषधाचं दुकान होतं. रोझलीन रक्तदाबाच्या गोळ्या गेली बारा वर्षं तिच्याकडूनच घेत होती. सरळ स्वभावाची, साठीला आलेली बाई. साथीच्या दिवसांत म्हाताऱ्यांच्या दारात स्वतः औषधं नेऊन ठेवायची. रोझलीन दुपारी, दुकानात कुणी नसताना गेली.

"युना, माझं तुमच्याशी एक बोलणं आहे. कारखान्याच्या पुस्तकात माझ्या आठवणी येणार आहेत. त्यात तुमच्या वडिलांचं नाव आहे. कशाबद्दल ते तुम्हाला ठाऊक आहे."

युनानं हातातली डबी काउंटरवर ठेवली. पोलीस घरी आले होते तेव्हा तीच दार उघडायला गेली होती, तिला ठाऊक होतं. "हे मला सांगायला का आलात?"

"छापल्यावर कुणाकडून तरी कळण्यापेक्षा."

"उपकार झाले." युना म्हणाली. "ते उत्तर द्यायला इथे नाहीत, मिसेस क्विग. न्यायालयात काही सिद्ध झालेलं नाही. उद्या माझी नातवंडं शाळेत जातील. तुम्ही चार पानं लिहाल आणि मोकळ्या व्हाल. त्यांनी काय करायचं?"

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. रोझलीननं रात्रंदिवस तेच घोकलं होतं. "जिवंत होते तेव्हा त्यांना दोनदा विचारलं गेलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा ते म्हणाले, बोलायचं नाही. मी त्यांच्यासाठी गप्प राहिले पंचेचाळीस वर्षं. नंतर कायद्यानं गप्प बसवलं. त्यात एक निरपराध माणूस गावातून गेला. तुमचा काही दोष नाही, युना. तुमच्या नातवंडांचाही नाही. हे मी आता पानात जोडलंय."

"ते काढून टाका," युना म्हणाली. "माझ्याबद्दल चांगलं लिहू नका. तेवढं तरी करू नका."

मग तिनं मागे वळून फडताळातून रोझलीनच्या गोळ्या काढल्या, नेहमीसारखं नाव तपासलं, पिशवीत घातल्या. पिशवीचं तोंड दुमडलं. "सकाळी एक. न्याहारीआधी," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून दुसरीकडे बघा."

रोझलीननं घरी जाऊन त्या दोन ओळी खोडल्या. बाकी काही बदललं नाही.

पुस्तक ऑक्टोबरात आलं. ग्रंथालयात छोटासा कार्यक्रम झाला. साठ खुर्च्या मांडल्या होत्या, पस्तीस भरल्या. कोण आलं नाही ते रोझलीन व्यासपीठावरून बघत होती, आणि ज्यांनी दरवर्षी नाताळाला केक पाठवला अशी तीन माणसं त्यात नव्हती. तिच्या मुली आल्या होत्या, दोघी पुढच्या रांगेत बापाच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या. तिनं चारही पानं उभ्यानं वाचली. नाव आलं तेव्हा आवाज न चढवता, न उतरवता वाचलं, जसं कुणाचंही नाव वाचावं. मागे एक म्हातारा उठून गेला, दार जरा जोरात लागलं. स्ट्रबेनकडची बाई कोपऱ्यात बसली होती. ती कोण हे रोझलीनला वाचून झाल्यावर कळलं, कारण ती जवळ येऊन म्हणाली, "बटणपट्ट्या. दुसरी पाळी."

नंतर चहाबरोबर बिस्किटं खाताना सॅडी म्हणाली, "बऱ्यापैकी वाचलंस. जिन्याचं जरा जास्त लिहिलंस माझ्याबद्दल. मी खरंच दोऱ्यासाठी जायचे."

"सत्तावीस वर्षं?"

"दोरा फार वाईट होता गं तेव्हा."

फर्गलनं एक प्रत कोलरेनला पाठवली. विलीच्या मुलीचा फोन आला. वडिलांना आता वाचायला दिसत नाही, मी वाचून दाखवलं, ती म्हणाली. ते म्हणाले, त्या चांगल्या बाई आहेत, त्यांना सांग मी ठीक आहे. रोझलीननं विचारलं, परत यायचं म्हणतात का?  घर विकलं गेलंय मिसेस क्विग, मुलगी म्हणाली, आणि त्यांनी विषयही काढला नाही.

चर्चच्या समितीत पाटीवरून दोन बैठका झाल्या. एकानं म्हटलं, सिद्ध काय झालंय? दुसऱ्यानं म्हटलं, तिथे मुलं गातात, निदान पाटी तरी काढू या. ठराव काही झाला नाही. नोव्हेंबरात खोलीला रंग द्यायचा म्हणून पाटी काढली. रंग वाळला, पाटी परत आली नाही. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. सॅडीनं मात्र फादरना भर रस्त्यात गाठलं आणि म्हणाली, "फादर, पाटीची भोकं तेवढी बुजवून घ्या, वारा येतो."

युनाचं दुकान चालू आहे. काही लोक मुद्दाम तिथे जाऊ लागले, काही मुद्दाम जायचे बंद झाले. दोन्हींचा तिला सारखाच त्रास होत असेल. रोझलीन तिच्या दारावरून जाताना मान खाली घालत नाही आणि आतही बघत नाही. ती आता बसनं लिमाव्हॅडी गावाला जाऊन गोळ्या आणते. मन हलकं झालं का, असं तिला धाकट्या मुलीनं फोनवर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हलकं नाही झालं बाळ. फक्त आता मी एकटी उचलत नाही." मग ह्युईनं बटाट्यात कांद्याची पात जास्त घातलीये म्हणून त्याच्यावर ओरडायला तिनं फोन खाली ठेवला.